शिखरिणी, शिकरण आणि वैद्यांचा आक्षेप

फळाचा गर दुधांत किंवा दह्यांत एकजीव करून दाट, मऊ पेय करावें, ही रीत अलीकडे 'स्मूदी' या परक्या नांवानें शहरांतील घरोघरीं रूढ झाली आहे. नांव नवें असलें तरी पदार्थाचें कूळ भारतांत फार जुनें आहे.

चरक व सुश्रुत या दोघांच्याहि संहितांत 'रसाला' नांवाचा पदार्थ येतो. तिलाच पुढें शिखरिणी म्हणूं लागले. (सतरा अक्षरांच्या एका वृत्ताचेंहि नांव शिखरिणीच, पण त्या शिखरिणीनें पोट भरत नाहीं.) सोळाव्या शतकांत भावमिश्रानें 'भावप्रकाशां'त तिची कृति दिली आहे, ती आजच्या गृहिणीलाहि सहज उमगेल. म्हशीचें आंबट दहीं पाणी काढून एक आढक घ्यावें. शुभ्र साखर दोन प्रस्थ, म्हणजे दह्याच्या निम्मी. हें मिश्रण स्वच्छ वस्त्रावर थोडें थोडें टाकून अर्धा घट दुधासह मातीच्या नव्या भांड्यांत दाबून गाळावें, आणि वेलदोडा, लवंग, कापूर व मिरीं बेतानें मिसळावींत. खाण्याची हौस असलेल्या भीमानें ही रसाला केली आणि श्रीकृष्णानें ती पुन्हां पुन्हां चाखली, अशी आख्यायिकाहि तेथेंच आहे. कृतीचें सारें मर्म त्या वस्त्रांत आहे. दह्याची कणी मोडून त्याला रेशमासारखा मऊपणा येतो तो गाळण्यामुळें, आणि ओतण्याजोगा पातळपणा येतो तो दुधामुळें. दूध वगळलें कीं श्रीखंड झालेंच.

या रसालेंत फळ मात्र नाहीं. महाराष्ट्रांतील शिकरणीनें नांव घेतलें तें शिखरिणीचें, पण दह्याची जागा दुधाला व केळ्याला दिली. हा फरक दिसतो तितका किरकोळ नव्हे, कारण तो शास्त्राचा स्पष्ट निषेध डावलून झालेला आहे. केळें दूध, दहीं किंवा ताक यांबरोबर खाऊं नये, असें सुश्रुत सांगतो. चरकानें तर दुधाशीं विरुद्ध अशा फळांची लांबलचक यादीच दिली आहे. तींत आंबा, महाळुंग, करवंद, बोर, डाळिंब हीं आहेत, आणि शेवटीं आंबट म्हणून जें जें असेल तें सर्व आहे. अशा परिस्थितींत पुढें भावमिश्रानेंच दूध घातलेल्या आंब्याला जड व थंड, पण रुचकर आणि बलवर्धक म्हणून गौरवावें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. आंबट आंबा आणि पिकून गोड झालेला आंबा हे स्वयंपाकघराच्या दृष्टीनें दोन निराळे पदार्थ आहेत. तो भेद मानला म्हणजे दोन्ही मतें बरींचशीं जुळतात.

या भेदाला रसायनशास्त्राचाहि आधार आहे. दुधांतील केसीन हें प्रथिन पीएच 4.6 च्या सुमारास साकळतें. म्हणून लिंबू किंवा आंबट संत्रें पडतांच दूध फाटतें. पिकलेल्या केळ्याचा पीएच 5 च्या आसपास असतो, आणि दुधांत मिसळल्यावर तो आणखी वर राहतो. म्हणून शिकरण फाटत नाहीं. केळ्यांतील पेक्टिन व उरलासुरला स्टार्च तिला दाटपणा देतात. हवा लागून केळें काळें पडतें, यासाठीं तें ऐन पानें वाढतांना चिरावें, हा आजीबाईंचा नियम याच शहाणपणांतला. वैद्यांचा आक्षेप मात्र केवळ दूध नासण्यापुरता नव्हता. तो पचनाचा आणि कफाचा होता, आणि आजहि कित्येक वैद्य आपल्या रोग्यांना शिकरण वर्ज्य सांगतात. घरोघरीं ती पोळीबरोबर खाल्ली जातेच.

पोर्तुगीजांच्या काळांत अमेरिकेंतून अननस व पपई आलीं, तेव्हां प्रश्न बदलला. या दोहोंत प्रथिनें तोडणारीं द्रव्यें असतात. ताजा गर दुधांत घालून ठेवला तर तासाभरांत कडवटपणा येतो. अननस आधीं साखरेंत शिजवून थंड केला म्हणजे तें द्रव्य निकामी होतें. यंत्रांचा इतिहास त्यामानानें थोडक्यांत सांगण्याजोगा: अमेरिकेंत 1922 सालीं पोप्लॉव्स्की यांना अशा यंत्राचें पेटंट मिळालें, 1937 त वेअरिंगचें यंत्र निघालें, आणि 1963 च्या सुमारास मुंबईंत 'सुमीत' मिक्सर आला. वस्त्राचें आणि हाताचें काम पात्यांनीं घेतलें, एवढेंच.

चिकूहि अमेरिकेंतलाच. डहाणू-घोलवडच्या बागांमुळें तो मराठी घरांत नित्याचा झाला, पण त्याच्याविषयीं कोणत्याहि संहितेंत विधि नाहीं कीं निषेध नाहीं. त्याचा निवाडा घरांनींच केला. फळ आंबट नाहीं, तेव्हां दुधाशीं त्याचें जमतें. मात्र तें अर्धवट पिकलेलें असेल तर त्याचा चीक घशाला खवखवतो. म्हणून देठाजवळ दाबून पाहून मऊ लागेल तोच चिकू घ्यावा, साल व बिया काढाव्या, आणि थंड दूध थोडें थोडें घालीत गर घोटावा. साखर बहुधा लागत नाहीं.