पामर पेढी आणि निजाम सरकारचे कर्ज



अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३२ साली तेथील राष्ट्रीय बँकेची मुदत वाढवून देण्यास नकार दिला. मूठभर धनिकांच्या हाती सरकारची नाडी जाते, ही त्यांची तक्रार होती. त्याआधी दहा वर्षे असाच एक झगडा निजामाच्या राज्यात, म्हणजे आपले शहर ज्या राज्यात होते तेथेच, झाला. तो आपण जाणून घ्यायला हवा.

हैदराबादेत विल्यम पामर यांची पेढी होती. वडील इंग्रज सेनानी, आई फैजबक्ष बेगम. संस्थानिकांना कर्ज देण्यास युरोपियनांना कायद्याने मनाई होती. परंतु गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांनी १८१६ साली या पेढीस सूट दिली. पेढीचे एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड हे हेस्टिंग्ज यांनी सांभाळलेल्या मुलीचे पती होते, हेही ध्यानात ठेवावे.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौजेचा पगार निजाम सरकारने द्यायचा. औरंगाबादच्या छावणीतही ही फौज असे. पगारासाठी कारभारी राजा चंदुलाल पेढीकडून उचल घेत व बदल्यात मुलखाचा वसूल लावून देत. व्याज शेकडा २४ च्या घरात जाई. १८२० साली ६० लाखांचे कर्ज मंजूर झाले. त्यातले आठ लाख पेढीचा नजराणाच होता, आणि बराच भाग जुनी बाकी!

त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आले. गव्हर्नर जनरलांचा रोष पत्करून त्यांनी हिशेबाची छाननी केली. अखेर १८२३ साली कंपनीने पेढीचे देणे भागवले आणि १८२४ साली पेढी बुडाली.

मग निजाम सरकार सुटले काय? नाही. उत्तर सरकार प्रांतासाठी कंपनी दरसाल सात लाखांची पेशकश देत असे. ती या व्यवहारात कायमची गेली. फौजेचा खर्च तर चालूच राहिला. त्याच्या थकबाकीपोटी १८५३ साली वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले.

मेटकाफ यांनी हिशेब मागितला, तो दरबाराने आधीच मागायला हवा होता. म्हणून पालकहो, मुलामुलींना व्याजाचे गणित नीट शिकू द्या. आणि मित्रहो, घरात कर्जाचा कागद आला तर सहीपूर्वी तो वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.