टँकरच्या पोटातलं टाकं

गूसचं अनेकवचन गीस. मग मंगूसचं काय? मुलं बेधडक 'मंगीस' म्हणून मोकळी होतात. बरोबर उत्तर आहे 'मंगूसेस', कारण या शब्दातल्या 'गूस'चा त्या पक्ष्याशी काडीचाही संबंध नाही. ते आपलं मुंगूस आहे. भाताच्या बांधावरून सुळकन आडवं जाणारं.

सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या युरोपियनांनी हा शब्द ऐकला आणि जमेल तसा लिहून घेतला. इंग्रजी कोशांत त्याचं मूळ मराठी म्हणून दिलेलं असतं. कानडी आणि तेलुगूत त्याची सख्खी भावंडं आहेत. पुढे शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या एका पट्टेरी मुंगसाचं नाव ठेवलं 'मुंगोस मुंगो'. ज्या प्राण्यानं हिंदुस्थान कधी पाहिला नाही, तो आपल्याकडचं नाव दोनदा मिरवत फिरतो.

फोनवर इंग्रजी शब्दाचा अर्थ शोधला की खाली बारीक अक्षरांत त्याचा उगम दिलेला असतो. बहुतेक जण तिथपर्यंत जात नाहीत. पण एकदा गेलात की हे व्यसन सुटत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या वाचकाला तर त्या बारीक अक्षरांत अधूनमधून स्वतःचा तालुकाच भेटतो.

हा नाद जुना आहे. १८८६ साली हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी इंग्रजीत शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा जाडजूड कोश काढला, 'हॉब्सन-जॉब्सन'. बर्नेल त्याआधी चार वर्षं वारले होते, त्यांना छापलेलं पुस्तक पाहायला मिळालं नाही. कोशाचं नावही गमतीचं. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन, या हुसेन' असा आक्रोश चाले. गोऱ्या सोल्जरांच्या कानांनी त्याचे दोन इंग्रज करून टाकले, हॉब्सन आणि जॉब्सन. परका शब्द असाच बदलतो. ऐकणारा त्याला आपल्या ओळखीच्या आवाजात बसवतो. आपण 'लँटर्न'चा कंदील नाही केला, पण 'हॉस्पिटल'चं इस्पितळ केलंच की.

आता कसारा लोकलमध्ये बसा. आसनगाव, आटगाव, खर्डी करत गाडी कसाऱ्याला संपते. मेलगाड्या मात्र पुढे थळघाट चढून इगतपुरीला जातात. हा घाट १८६५ साली रेल्वेला खुला झाला. चढ इतका तीव्र की दर ३७ फुटांना रूळ एक फूट वर जातो. घाट चढून गेलं की नाशिकच्या अलीकडे देवळाली लागते. तिथे ब्रिटिश फौजेची मोठी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले सोल्जर देवळालीत आणून ठेवत, आणि मायदेशी नेणारी जहाजं मुख्यतः थंडीच्या महिन्यांत सुटत. ज्याची मुदत चुकीच्या वेळी संपली, त्यानं महिनोन्‌महिने तिथेच बसायचं. काम नाही, उकाडा, दारू, हिवताप. काहींचं डोकं फिरायचं. त्यातून शब्द निघाला 'डूलाली टॅप'. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे ताप. पुढे 'टॅप' गळून पडला, पण 'डूलाली' राहिला. आजही इंग्लंडमध्ये एखादा भ्रमिष्टासारखा वागला की तो 'डूलाली' झाला म्हणतात. म्हणणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं की हे एका गावाचं नाव आहे, आणि तिथून सुटका झालेल्या सोल्जरांची गाडी कसाऱ्यावरूनच मुंबईच्या बंदराकडे उतरत होती.

दुसरा शब्द सापडतो मुरबाड तालुक्यात. वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट वर चढते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल या वाटेनं जुन्नर-पैठणला जायचा. वर सातवाहनांची लेणी आहे, राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि तोंडाशी भला मोठा दगडी रांजण आहे. तो जकातीची नाणी टाकायला होता असं परंपरेनं सांगतात. मराठीत घाट म्हणजे ही वाट, डोंगर चढून जायची जागा. डोंगराचं नाव सह्याद्री. समुद्राकडून आलेल्या युरोपियनांना मात्र समोर भिंतीसारखी रांग दिसली आणि 'घाट चढायचा आहे' हे बोलणं कानावर पडत राहिलं. त्यांनी अख्ख्या रांगेलाच 'घाट' करून टाकलं. वाटेचं नाव डोंगराला चिकटलं. नंतर आपणच ते इंग्रजीतून परत आणलं आणि भूगोलाच्या पुस्तकात 'पश्चिम घाट' छापलं. २०१२ साली याच नावानं त्यातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

याच शब्दाचं दुसरं पोर मुंबईत वाढलं. घाट उतरून पोटासाठी मुंबईला आलेल्या हमाल-मजुराला 'घाटी' म्हणू लागले, आणि होता होता ती शिवी झाली. एकाच शब्दाच्या एका लेकराला जागतिक मान मिळाला, दुसऱ्याच्या वाट्याला हिणवणं आलं. शब्द तोच होता. म्हणणारा कोण आणि ऐकणारा कोण, यावर सगळं ठरलं.

तिसरा शब्द रोजच्या तोंडातला, 'टँक'. त्याच्या मुळावरून कोशकारांत वाद आहे. काही जण पोर्तुगीज 'तांके'कडे बोट दाखवतात. पण इंग्रजांनी तो हिंदुस्थानात उचलला तेव्हा त्यामागे गुजराती-मराठी 'टांकं', 'टाकं' होतं, असं मोठे कोश नोंदवतात. बहुधा दोन सारखे शब्द किनाऱ्यावर भेटले आणि एक झाले. टाकं बघायचं तर आसनगावजवळच्या माहुली किल्ल्यावर जा, नाहीतर नाणेघाटात. पावसाचं पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरावं म्हणून कातळ फोडून खोदलेली ही टाकी शतकानुशतकं माणसांना जगवत आली.

इंग्रजीत गेल्यावर टाक्यानं बरेच पराक्रम केले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये चिलखती गाडी गुपचूप तयार होत होती. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ती पाण्याची टाकी आहे असं भासवलं गेलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ती पहिल्यांदा उतरली, तोवर 'टँक' हे खोटं नाव पक्कं झालं होतं. म्हणून आज रणगाड्याला आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला इंग्रजीत एकच शब्द आहे.

आणि मग टँकपासून टँकर. शहापूर तालुक्यात तो वेगळा सांगावा लागत नाही. तानसाचं धरण १८९२ साली पुरं झालं, मुंबईची तहान भागवण्यासाठी. नंतर भातसा झालं. जाडजूड जलवाहिन्या याच तालुक्यातून मुंबईकडे जातात. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात हंडे मांडून टँकरची वाट बघतात. ज्या मुलखातल्या कातळात टाकी खोदलेली आहेत, तिथे टाकं परत आलं ते चार चाकांवर, इंग्रजी शेपूट लावून, ग्रामपंचायतीच्या अर्जावर.

शब्दाचं मूळ कळल्यानं विहिरीला पाणी येत नाही. पण एक गोष्ट नक्की होते. इंग्रजी ही कुणा वरच्या लोकांची बंद पेटी आहे, आपण बाहेर उभे आहोत, ही भीती जरा सैल होते. ती भाषा या डोंगरातून, या रुळांवरून, या बांधावरून उसनं घेत मोठी झाली आणि तिनं त्याची पावतीही ठेवली आहे. ती पावती त्या बारीक अक्षरांत असते. वाचता आली की कुणाकडून काय गेलं आणि त्याला परत काय मिळालं, हे विचारता येतं. टँकर दोन दिवस आला नाही, तर तो अर्ज मराठीत लिहा नाहीतर इंग्रजीत. त्यातला मुख्य शब्द दोन्हीकडे आपलाच आहे.