वीस फ्रँकचं घड्याळ

खिशातलं साखळीवालं घड्याळ म्हटलं की आपल्याला कोट घातलेला साहेब आठवतो. मला मात्र आज कामगाराच्या खिशातल्या घड्याळाबद्दल लिहायचंय.

स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरणीत राबलेल्या एका पोराची कहाणी 1850 साली छापून आली. तीत लिहिलंय की मालक गिरणीचं घड्याळ सकाळी पुढे आणि संध्याकाळी मागे करत. म्हणजे रोज थोडं काम फुकटात! कामगार स्वतःचं घड्याळ बाळगायला घाबरत, कारण ज्याला वेळ कळते त्याची नोकरी जायची.

आता स्वित्झर्लंडला चला. ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावात जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ नावाचा कारागीर होता. कामगाराला परवडेल असं, पण नीट चालणारं घड्याळ 20 फ्रँकमध्ये द्यायचं, हा त्याचा ध्यास. त्याने मधलं एक चाकच काढून टाकलं, माणकाच्या खड्यांऐवजी पोलादी पिना बसवल्या, सोन्याचांदीऐवजी साधी डबी वापरली. सुटे भाग जेमतेम 57. गावातल्या कारागिरांनी नाकं मुरडली. पण 1867 साली घड्याळ बाजारात आलं आणि चाललं. त्याला नावच पडलं 'श्रमिकांचं घड्याळ'. पुढे 1896 मध्ये अमेरिकेत इंगरसोलने एका डॉलरला घड्याळ विकायला काढलं.

बघा, रॉस्कॉफने काटछाट केली ती दिखाव्यात, भरवशात नाही. 'गरिबांसाठी' म्हणून काहीही गळ्यात मारणाऱ्यांनी हे शिकण्यासारखं आहे.

वेळ कुणाच्या हातात, हा प्रश्न आपल्या मुंबईतही पेटला होता. 1906 च्या जानेवारीत घड्याळं 39 मिनिटं पुढे करून नवी प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा जेकब ससून गिरणीचे कामगार रस्त्यावर उतरले. भोंगा मालकाचा, झोपमोड मात्र त्यांची.

माझं म्हणणं एवढंच. मोजमाप एकाच बाजूच्या हातात असलं की दुसऱ्याला विश्वास ठेवण्यावाचून पर्याय नसतो. आज हजेरीचं मशीन, विजेचा मीटर, पंपावरचा आकडा, सगळं आपल्याला मोजतंय. ते तपासायचं स्वस्त, भरवशाचं साधन आपल्या खिशात आहे का? नसेल, तर ते मागायला हवं.