कुलूप लागलंय ना?

सध्या मुक्काम बंगळुरूत, जयनगरला. सकाळी अशोक स्तंभाकडून पूर्वेला चालत गेलं की होसूर रस्त्यावर निमहान्सचं आवार लागतं. 1847 साली शहरात वेड्यांचं इस्पितळ निघालं. 1925 मध्ये त्याचं नाव मनोरुग्णालय झालं, 1974 मध्ये निमहान्स. त्या फाटकाशी आलो की आमचा एक हवालदार आठवतो.

कोतला कुलूप लावून तो चार पावलं जायचा आणि परत येऊन ओढून बघायचा. आठ-दहा वेळा. पोरं हसायची. मी तेव्हा नायब सुभेदार होतो. फॉलिनमध्ये सगळ्यांदेखत त्याला झापलं. तो मुदतीआधीच पेन्शनीवर गेला.

फौजेनं ही चूक फार जुन्या काळापासून केली आहे. अमेरिकेच्या यादवीतल्या सैनिकांची छाती धडधडायची, पण हृदयात बिघाड सापडेना. डॉ. दा कोस्टा यांनी 1871 मध्ये त्यावर लिहिलं आणि दोष हृदयाच्याच माथी मारला. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, डॉ. मायर्स यांनी 'शेल शॉक' हा शब्द छापला. पण जवळ गोळा न फुटलेले जवानही थरथरत होते. त्याच युद्धात पळ काढणं, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिशांनी आपलेच सैनिक गोळ्या घालून मारले. त्यांतल्या 306 जणांना माफी मिळाली ती 2006 मध्ये.

डॉक्टरांनी हळूहळू भीतीचे प्रकार वेगळे केले. महिनोन्महिने न थांबणारी काळजी म्हणजे चिंताविकार. लिफ्ट, उंची अशा एखाद्याच गोष्टीची अतोनात धास्ती म्हणजे फोबिया. ओसीडीत नको तो विचार डोक्यात घुसतो आणि एखादी कृती केली की घटकाभर सुटका होते. त्या सुटकेमुळेच चक्र घट्ट होतं. म्हणून उपचारात कुलूप एकदा लावून परत न बघता थांबायला शिकवतात. घालमेल आपोआप उतरते. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये हा मार्ग दाखवला. औषधंही आहेत.

एकदा तपासणं ही शिस्त. थांबताच न येणं हा आजार. हा फरक मला कुठल्याच कोर्समध्ये शिकवला नव्हता.

गेल्या महिन्यात त्याला फोन करून माफी मागितली. म्हणाला, "साहेब, मलापण वाटायचं मी भित्राच आहे. आता गोळी चालू आहे."

मित्रांनो, टेली-मानसचा क्रमांक 14416. फौजेसाठी पुण्याच्या एएफएमसीत वेगळा कक्ष आहे. आपल्या माणसाला हसण्याआधी हा नंबर द्या.

जय हिंद.