मुक्ताबाईचा निबंध आणि आपलं नागरिकशास्त्र

नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागे जोडलेली चार पानं, थोडे मार्क आणि गाईडमधली तयार उत्तरं. आपल्या डोक्यात हेच बसलंय. ‘ग्रामसभा म्हणजे काय?’ याचं उत्तर पोरं धडाधडा म्हणतात. पण स्वतःच्या गावची ग्रामसभा पाहिलीय का, असं विचारा, सगळा वर्ग गप्प!

म्हणून मुक्ताबाई साळवेची आठवण काढायला हवी. मांग समाजातली ही मुलगी पुण्यात जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकत होती. १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’ने तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापला.

त्यात काय आहे? वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, मग आमचा धर्म कोणता, असा थेट सवाल आहे. पेशवाईत आपल्या लोकांवर काय जुलूम झाले, ते आहे. बाळंतपणात डोक्यावर धड छप्पर नसलेल्या बायांचे हाल आहेत. आणि शेवटी आपल्याच लोकांना कळकळीची विनंती आहे, शिका म्हणून.

आता बघा, इतिहास, समाज, हक्क, कर्तव्य सगळं त्या एका निबंधात आलं. ते कुठल्या गाईडातून आलं नाही. मुलीने स्वतःच्या वस्तीकडे बघून लिहिलं, आणि ते वहीत न राहता चारचौघांपुढे गेलं. आजच्या शिक्षकाने उचलावी अशी गोष्ट हीच.

पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत मोडी-बालबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्यासोबत शेतीचं ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडेही हवेत, असं त्यांनी मांडलं. म्हणजे पोर ज्या घरातून येतं, तिथलं जगणं शाळेत यायला पाहिजे.

हे करायला पैसा लागत नाही. वर्गाला एक प्रश्न द्या: आपल्या गल्लीत पाणी किती दिवसांनी येतं, आणि कुणाकडे आधी येतं? पोरं घरोघर विचारतील, तक्ता करतील, आजीला विचारून पूर्वीची विहीर शोधतील. त्यावर वर्गात भांडू द्या, दोन्ही बाजू ऐकू द्या. मग सगळ्यांनी मिळून सरपंचांना किंवा नगरसेवकांना पत्र लिहायचं. उत्तर आलं तर वाचायचं, नाही आलं तर का आलं नाही यावर पुढचा तास.

काही जण म्हणतील, शाळेत राजकारण कशाला? अहो, पक्षाचा प्रचार नकोच. पण नळाला पाणी का नाही, हे विचारणं म्हणजे प्रचार नव्हे. आणि ते अठराव्या वर्षी मतदार यादीत नाव आलं की आपोआप जमत नाही, त्याची सवय आधीच लागावी लागते.

गुरुजी, बाई, पालक मंडळी, पुढच्या ग्रामसभेला पोरांना घेऊन जायचं का? मत देता येणार नाही, पण बघता-ऐकता तर येईल. आपल्या शाळेत असं काही चालू असेल तर खाली नक्की लिहा.