प्रसूतिपूर्व पहिली तपासणी

गर्भधारणेनंतर गर्भवतीची प्रथमच होणारी नोंदणी व शारीरिक परीक्षा. नियमित प्रसूतिपूर्व देखभालीची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी एडिंबरो येथे जे. डब्ल्यू. बॅलंटाइन यांनी पुढे आणली. भारतात ही तपासणी पहिल्या 12 आठवड्यांत व्हावी, असा शासकीय संकेत आहे. नाशिक जिल्ह्यात ती उपकेंद्रे, प्राथमिक आरोग्य केंद्रे व शासकीय रुग्णालयांत विनामूल्य होते. आरोग्यसेविका माता-बाल संरक्षण कार्ड भरते.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात 9 महिने 7 दिवस मिळवून प्रसूतीची अपेक्षित तारीख काढतात. उंची, वजन, नाडी व रक्तदाब मोजतात. 140/90 किंवा अधिक रक्तदाब जोखमीचा मानतात (पहा : गर्भाक्षेपक). पापणीची आतली बाजू, जीभ व नखे यांच्या फिकेपणावरून रक्तक्षयाचा अंदाज येतो. मात्र निदान रक्त तपासूनच होते. हीमोग्लोबिन 11 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात (पहा : पांडुरोग). पायांवरील सूज, अवटू ग्रंथी, हृदय, फुप्फुसे व स्तन तपासतात. गर्भाशय साधारणपणे 12 आठवड्यांनंतरच पोटावरून हाताला लागते. योनिमार्गे परीक्षा सरसकट लागत नाही. ती स्त्रीच्या संमतीनेच करावयाची असते.

रक्तगट, आर्‌एच घटक, एचआयव्ही, उपदंश, लघवीतील प्रथिने व साखर यांच्या चाचण्याही होतात. सुरगाणा, पेठ यांसारख्या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल चाचणी विशेष महत्त्वाची ठरते (पहा : दात्रकोशिका रक्तक्षय). सोनोग्राफीत गर्भलिंग सांगणे 1994 च्या कायद्यान्वये गुन्हा आहे.