विद्यावेतन आणि करारनामा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रातील जी मंडळी विद्यार्जनासाठी समुद्रापार गेली, त्यांच्या चरित्रांकडे पाहताना आपले लक्ष त्यांच्या पदव्यांकडे आणि समुद्रोल्लंघनावरून माजलेल्या वादांकडे सहजच वेधले जाते. परंतु त्यांचा खर्च कोणी सोसला आणि कोणत्या अटीवर सोसला, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण परक्या मुलखात त्या विद्यार्थ्याने कोठे बिऱ्हाड केले, काय खाल्ले, किती घाईने अभ्यास उरकला आणि परतल्यावर कोणाची चाकरी पत्करली, हे बहुतांशी त्या एकाच गोष्टीवर ठरत असे.

पत्नी आनंदीबाईंना अमेरिकेत शिक्षण मिळावे म्हणून टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांनी इ. स. १८७८ मध्ये कोल्हापुराहून वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिले, तेव्हा आलेल्या उत्तराचा रोख ख्रिस्ती धर्म स्वीकारावा असाच होता. आणि ती अट त्या दांपत्याने मान्य केली असती, तर आनंदीबाईंचा मार्ग कितीतरी लवकर मोकळा झाला असता. तो पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापला गेला, दंतवैद्याकडे खोळंबून बसलेल्या न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या तो वाचनात आला, आणि त्यांनी आपण होऊन, कोणतीही अट न घालता, आपल्या घराचे दार उघडले. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, त्या वेळी त्यांनी नुकतीच अठरा वर्षे पुरी केली होती. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयाने त्यांना विद्यावेतन दिले व धर्मांतराविषयी एक अक्षरही काढले नाही, ही त्या संस्थेची उदारता मी मोठी मानतो. तथापि नऊवारी लुगड्याने न निवारली जाणारी थंडी, धुराने कोंदणारी खोली आणि परक्या अन्नाशी जुळवून घेताना होणारी आबाळ यांवर विद्यावेतनापाशी उपाय नव्हता. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, कोल्हापूर दरबाराने रुग्णालयातील स्त्री-विभागाची जागा देऊ केली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला. ती जागा त्यांना एक दिवसही चालविता आली नाही.

मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि इ. स. १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, पण त्यांना बांधून ठेवणारा करार सरकारशी झालेला नव्हता. तो पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीशी झालेला होता, आणि परतल्यावर अल्प वेतनावर वीस वर्षे अध्यापन करण्याचा तो शब्द त्यांनी पाळला. विठ्ठल रामजी शिंदे इ. स. १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकले, ते युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर, प्रवासखर्च बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिला म्हणून.

सयाजीरावांचे नाव या इतिहासात वारंवार येते. ४ जून १९१३ रोजी बडोद्यास भीमराव आंबेडकर यांनी ज्या करारनाम्यावर सही केली, त्याअन्वये त्यांनी नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा, मुदतीत तो पुरा करावयाचा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असे ठरले; मोबदल्यात तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे होते. जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ज्या समाजात पाणवठ्यालाही हात लावू दिला जात नव्हता, त्या समाजातून आलेल्या तरुणाला इतर विद्यार्थ्यांच्या पंक्तीला बसता येणे, प्राध्यापकांशी बरोबरीने वाद घालता येणे, हा अनुभव कोणत्याही पदवीहून मोलाचा होता असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही मुदतीचे भान त्यांना सोडीत नव्हते. त्या साडेअकरा पौंडांतूनच घरी पत्नी रमाबाईंना पैसे पाठवावयाचे, उरलेल्यातून पोट भरावयाचे आणि त्यातूनही वाचवून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ग्रंथ खरेदी करावयाचे, अशी त्यांची रीत होती. या खरेदीतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमले. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी हिंदुस्थानातील जातींच्या उत्पत्तीवरील निबंध वाचला, आणि पुढच्याच महिन्यात ते लंडनला गेले.

तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव घातले असता शिष्यवृत्तीची वाढवून मिळालेली मुदत इ. स. १९१७ मध्ये सरली, आणि प्राध्यापक कॅनन यांच्या शिफारशीवरून अभ्यास चार वर्षांच्या आत पुन्हा सुरू करण्याची मुभा तेवढी पदरात घेऊन त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते, ती पाणतीराने बुडाली. नुकसानभरपाईदाखल थॉमस कुक कंपनीकडून मिळालेल्या ६०० रुपयांतून काही रक्कम घरी देऊन ते करारनाम्याप्रमाणे बडोद्यास रुजू झाले. ज्या दरबाराने न्यूयॉर्कचा खर्च सोसला, त्याच दरबाराच्या राजधानीत त्यांना राहावयास घर मिळेना, कचेरीतील शिपाई कागद लांबून टाकीत, आणि पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दहा वर्षांची अट अशा रीतीने काही दिवसांतच निकालात निघाली. विद्यावेतनाच्या परतफेडीचा बडोद्याचा तगादा मात्र पुढे लागलाच. महाराजांचा हेतू उदार होता याविषयी मला शंका नाही, पण करारनाम्यात विद्यार्थ्याचे कर्तव्य कलमवार लिहिले होते आणि त्याला राहावयास छप्पर देण्याचे कर्तव्य कोणाचे, याचा उल्लेखच नव्हता, हे दुःख मनातून जात नाही.

जुलै १९२० मध्ये ते दुसऱ्यांदा लंडनला गेले, ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून टाकलेली शिल्लक, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि नवल भाथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५००० रुपयांचे कर्ज यांच्या बळावर. या खेपेस करारनामा नव्हता, पण प्रत्येक पेनी मोजावी लागत होती. घरमालकिणीकडून सकाळी पावाचा एक तुकडा आणि चहा मिळे, तेवढ्यावर ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडण्याच्या वेळी हजर होत, दुपारचे जेवण टाळीत आणि संध्याकाळी ग्रंथालय बंद होईपर्यंत टिपणे काढीत बसत. रात्री खोलीवर पुन्हा अभ्यास चाले आणि भूक अनावर झाली की पापड भाजून त्यावर वेळ मारून नेत. रुपयाच्या विनिमयाचा प्रश्न या विषयावरील त्यांचा प्रबंध याच अर्धपोटी दिवसांत लिहिला गेला, आणि पैशाच्या मूल्याविषयी लिहिणाऱ्या लेखकाला त्या मूल्याचा इतका निकट परिचय क्वचितच घडला असेल.

परीक्षकांनी प्रबंधात फेरफार सुचविले, तोवर गाठीची रक्कम संपत आली होती, इ. स. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, फेरलेखन येथेच करून प्रबंध लंडनला पाठविला आणि वर्ष संपण्यापूर्वी डी. एससी. पदवी मिळविली. बॅरिस्टरीचा दाखला हाती असूनही उच्च न्यायालयात वकिली करण्याची सनद काढण्यापुरते पैसे त्यांच्याजवळ नव्हते, तेव्हा ती रक्कमही नवल भाथेनांनीच पुढे केली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्यांनी वकिलीस प्रारंभ केला.